एकट्याची होडी

चाळिशी उलटलेल्या माणसाला नवा छंद लागला, की घरची माणसे आधी त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात आणि मग बँकेच्या पुस्तकाची. माझ्या बाबतीत दोन्ही चौकशा एकाच दिवशी झाल्या. निमित्त झाले होडीचे. मासेमारीची नव्हे, उतारूंचीही नव्हे. अकरा फुटांची, एका माणसाने बसावे, एकट्याने शीड उभारावे आणि एकट्यानेच परत यावे, एवढीच. इंग्रज हिला डिंगी म्हणतात. हा शब्द त्यांनी आपल्याच देशातून उचलून नेला, हे वाचून मला फार बरे वाटले होते. घरात मात्र त्या माहितीचा काडीइतकाही उपयोग झाला नाही.

आम्ही राहतो रेवदंड्याच्या खाडीकाठी. समोर कोर्लईचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर पोर्तुगीजांचा जुना किल्ला. मॅट्रिकनंतर विद्यार्थी म्हणून मी शाळेची पायरी चढलो नाही. पुढे चढलो तो एकदम मास्तर म्हणूनच. दिवसभर वर्गातला गलका, संध्याकाळी वह्यांचा ढीग आणि रात्री जागून लिहिलेल्या दोन-चार कादंबऱ्या, असे माझे आयुष्य. तक्रार करावी असे त्यात काही नाही. पण एक दिवस माझ्या लक्षात आले, की जागेपणीचा एक तासही मी कधी एकटा नसतो. लिहायला बसलो तरी कादंबरीतली माणसे भोवती असतातच आणि ती वर्गातल्या मुलांपेक्षाही जास्त बोलतात. समोर एवढे मोकळे पाणी पसरले असताना आपण मात्र गर्दीत, हे काही मला बरे वाटेना.

होडी निवडायची कशी, हे मी शेजारच्या तांडेलमामांना विचारले. त्यांचा जन्म पाण्यावर गेलेला. ते म्हणाले, "मास्तर, होडी पाण्यात बघू नका, रेतीवर बघा." मला आधी अर्थ लागला नाही. पाण्यात कोणतीही होडी हलकीच वाटते. ओहोटीला तीच होडी वाळूवरून एकट्याला ओढता येते का, हा खरा प्रश्न. आमच्याकडे भरती-ओहोटीचा फरक मोठा. सकाळी जिथे छातीभर पाणी असते, तिथे दुपारी चिखल. चार माणसांनी हात लावल्याखेरीज जी हलत नाही, ती एकट्याची होडी कसली!

मुंबईच्या एका गृहस्थांची जुनी फायबरची होडी मला मिळाली. रिकामी असताना साठेक किलोची. खाली दोन बांबू घातले, की एका माणसाला सरकवता येते. डोलकाठी एकट्याला उभी करता येण्याजोगी. शीड एकच. पोटात हवेचे बंद कप्पे असल्यामुळे ती उलटली तरी बुडत नाही. मधोमध एक उभी फळी आहे. पाण्यात सोडली, की होडी वाऱ्याने आडवी घसरत नाही. उथळात वर ओढून घेतली, की होडी थेट वाळूवर लागते. होडी उलटलीच, तर पाण्यातल्या माणसाने याच फळीवर भार देऊन तिला पुन्हा सुलटी करायची. हे सारे मी उथळ पाण्यात दहा वेळा करून पाहिले. गावातल्या पोरांना ती करमणूक फुकट मिळाली.

राहिला प्रश्न आऊटबोर्ड इंजिनाचा. पत्नी म्हणाली, "एक लहानसं मशीन लावून घ्या." तांडेलमामांचेही तेच मत पडले. मी मात्र ऐकले नाही. शिडाच्या होडीला इंजिन म्हणजे कुबडी घेऊन आखाड्यात उतरलेला पहिलवान, असे काहीतरी मी बोललो. वाक्य मला इतके आवडले, की त्यामागचा विचार तपासून पाहण्याची गरजच वाटली नाही. लेखकाला हा रोग असतो.

पौष महिन्यातल्या संकष्टीची गोष्ट. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, पंचांग पुरते. तिथीला पाऊणने गुणायचे, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी म्हणजे चार, चार पाऊणे तीन. तीनला भरती पुरी, पुढे नऊपर्यंत ओहोटी. मी साडेतीनला निघालो. समुद्रावरून खारे वारे छान वाहत होते. ओहोटी बाहेर नेत होती आणि मी वाऱ्याला तिरका छेद देत खाडीच्या तोंडाबाहेर आलो. फोन मुद्दाम घरी ठेवला होता. एकांतात घंटी कशाला?

सूर्य बुडाला आणि वारा पडला. दिवसभर तापलेली जमीन निवू लागली, की खारे वारे थांबतात. उलट दिशेचे मतलई वारे सुरू व्हायला रात्र व्हावी लागते. मधल्या वेळात शीड म्हणजे दांडीवर वाळत घातलेले लुगडे. मी वल्हे घेतले. अर्धा तास मारले आणि पाहिले, तर कोर्लईचा डोंगर जवळ येण्याऐवजी थोडा लांबच गेलेला. मग शहाणपणा सुचला. नांगर टाकला आणि गप्प बसलो. नऊला पाणी फिरणार होते. अंगात लाइफ जॅकेट होते, बाटलीत पाणी होते, हवा शांत होती. धोका असा नव्हताच.

पुढचे तीन तास कसे गेले, ते सांगताना मला आजही संकोच वाटतो. कारण ते माझ्या आयुष्यातले फार सुंदर तास होते. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. नांगराच्या दोराला पाणी चाटून जाई, तेवढाच काय तो आवाज. एकेक चांदणी उगवत गेली. मी कुणाचा मास्तर नव्हतो, कुणाचा लेखक नव्हतो. नऊच्या सुमारास डोंगरामागून संकष्टीचा चंद्र वर आला आणि जणू त्याच्याच सांगण्यावरून पाणी फिरले. मी नांगर उचलला आणि भरतीच्या पाठीवर बसून, हळूहळू वल्हे मारत, तृप्त मनाने खाडीत शिरलो.

तोच समोरून विजेऱ्यांचे झोत आले. "मास्तर! ओ मास्तर!" तांडेलमामांची होडी होती. मागे आणखी एक. साडेसातपासून ती माणसे मला हुडकत होती. त्यांची डोलीची जाळी ओहोटीच्या ओढीला लावलेली असतात. पाणी थांबते त्या घटकेला ती उपसावी लागतात. ती घटका मला शोधण्यात गेली आणि पाण्याबरोबर त्या दिवसाची मासळीही गेली. दुसऱ्या दिवशी मी पैसे पुढे केले. मामांनी माझ्या हाताकडे पाहिलेसुद्धा नाही.

किनाऱ्यावर पत्नी आणि मुलगी उभ्या होत्या. समुद्राकडे डोळे लावून बसण्यावर आमच्या या किनाऱ्यावर एक जुनी सावली आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. श्रावण तोंडावर आला होता. कितीतरी जण सणासुदीला घरी येत होते. ती गोष्ट ऐकत इथल्या पिढ्या वाढल्या. उशीर झालेली होडी आम्हांला नुसती उशीर झालेली कधीच वाटत नाही.

पत्नी रागावली नाही. चंद्रोदय होऊन गेला होता, पण तिने उपास सोडला नव्हता. घरी आल्यावर पान वाढताना ती एवढेच म्हणाली, "तुम्हांला एकट्याला जायचं होतं ना? मग आम्हांला का घेऊन गेलात? तीन तास आम्ही दोघी तिथंच होतो."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. मी ज्या चंद्राकडे पाहून तृप्त झालो, त्याच चंद्राकडे पाहून ती पोटात गोळा येऊन उभी होती. माझे उत्तम तास आणि तिचे वाईट तास हे दोन नव्हते. तेच ते तीन तास होते. मग त्यांचा मालक कोण?

एकांताची थोरवी आपण लहानपणापासून ऐकत आलो. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, हे आपल्याला ठाऊक असते. पण त्यांच्यासाठी भाकरी घेऊन आवली तो डोंगर चढे, तिच्या पायात काटा मोडला, ही कथाही आपल्याच लोकांनी जपून ठेवली आहे. ज्यांनी ती जपली त्यांना तुकोबांचे उणे काढायचे नव्हते. डोंगरावरच्या एकांताला पायथ्याशी एक चूल लागते, एवढे त्यांना विसरू द्यायचे नव्हते. आणि माझ्यासारख्याने तर तुकोबांचे नाव या बाबतीत घेऊच नये. माझ्या कादंबरीवर नाव एकट्याचे असते. रात्री अकराला दारातून आत येणाऱ्या चहाचे नाव कुठे छापलेले नसते.

जे खरोखर एकटे गेले, त्यांच्या हकिगती मी त्या दिवसांत वाचून काढल्या. आमच्या समोरच्या मुंबईतच सागवानात बांधलेली 'सुहैली' नावाची बत्तीस फुटांची होडी आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी तिच्यातून १९६८ साली निघाला आणि कुठेही न थांबता, एकटा पृथ्वीला वळसा घालून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी परत पोहोचला. असे करणारा तो पहिला माणूस. ती शर्यत होती. नऊ जण निघाले होते, पुरा प्रवास करून आला तो हा एकटाच. त्यांतला डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा दुसरा एक जण अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि आपण पृथ्वीप्रदक्षिणा करीत आहोत असे भासवणारी खोटी ठिकाणे कळवीत राहिला. पुढे ते खोटे त्याला पेलेना. जुलै १९६९ मध्ये त्याची होडी समुद्रावर रिकामी सापडली. घरी बायको आणि चार मुले वाट पाहत होती. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड त्या कुटुंबाला देऊन टाकले. त्या साऱ्या शर्यतीत मला ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. तीनशे बारा दिवस एकटा राहिलेला माणूस किनाऱ्यावर उतरला आणि त्याला पहिली आठवण झाली, ती आता वाट पाहण्यासारखे काही उरले नाही अशा माणसांची.

आपले अभिलाष टॉमी २०१२-१३ साली एकट्याने, न थांबता पृथ्वी फिरून मुंबईला आले. त्याआधी दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली 'म्हादेई'तून चार मुक्काम करून ती फेरी पुरी केली होती. एकट्याने पृथ्वीला वळसा घालणारे ते पहिले भारतीय. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये दुसऱ्या एका शर्यतीत, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे, वादळाने टॉमींच्या होडीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. त्या एका माणसासाठी भारताची आणि ऑस्ट्रेलियाची विमाने उडाली, जहाजे वळली आणि अखेर एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. त्यांनी कसली हयगय केली नव्हती. तयारी पुरी करूनच ते गेले होते आणि पुढे २०२३ साली तीच शर्यत त्यांनी दुसऱ्या क्रमांकाने पुरीही केली. पण एकटा माणूस अडचणीत आला, की तो एकटा उरत नाही, एवढे मला त्यावरून उमगले. पाण्यावर कुणी हाक मारली, तर जवळच्याने वळायचेच, हा समुद्राचा फार जुना धर्म आहे. तांडेलमामांनी तोच पाळला. एकट्याने जाणारा हा धर्म गृहीत धरूनच निघतो. फक्त तो तसे बोलून दाखवीत नाही.

मग काय, जाऊच नये? कुणी वाट पाहील म्हणून उंबरठा ओलांडायचाच नाही म्हटले, तर जगात कुठलेच काम होणार नाही. मी मामांना म्हणालो, "तुम्हीही रोज जाता. तुमच्या घरीही वाट बघतातच ना?" मामा जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाले, "बघतात की. पण मास्तर, किती वाजता वाट बघायला लागायचं, ते त्यांना ठाऊक असतं."

मला वाटते, माझ्या प्रश्नाचे जवळजवळ सगळे उत्तर या एका वाक्यात आहे. आपल्या माणसांना आपली वाट पाहावी लागते, यात अपराध नाही. प्रेम म्हटले की ते आलेच. अपराध आहे तो त्या वाट पाहण्याला काठ न ठेवण्यात. साडेसहाला येतो म्हणून गेलेला माणूस सातला आला, तर अर्ध्या तासाची काळजी. काहीच न सांगता गेलेला माणूस सातलाच आला, तरी काळजी दुपारी साडेतीनपासूनची. माझा एकांत मला हवा, तो मी जरूर घ्यावा; पण त्यासाठी घरच्यांना अंधारात उभे करण्याचा हक्क मला कुणी दिला?

म्हणून मी इंजिन घ्यायला गेलो. दुकानदार पाच हॉर्सपॉवरचे दाखवू लागला. ते पंचवीस किलोच्या आसपास. डुलणाऱ्या होडीत वाकून मागच्या फळीवर चढवायचे म्हणजे माझी कंबर आणि होडी दोन्ही कलंडायची. अडीच हॉर्सपॉवरचे पंधराएक किलोचे. ते मी एका हाताने उचलले आणि दुकानातून दोन फेऱ्या मारल्या. दुकानदार म्हणाला, मोठे घ्या, जोरात जाल. पण माझे वाचन तोवर झाले होते. अशा संथ होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. माझी होडी फार तर ताशी चार-सव्वाचार सागरी मैल जाईल. त्यापुढे इंजिन कितीही रेटा, होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर नाक वर करून बसते, शेपूट पाण्यात रुतते आणि नुसते पेट्रोल जळते. माणसाच्या ऐपतीचेही असेच असते, हे मी दुकानदाराला सांगणार होतो, पण त्याला दुसरी गिऱ्हाइके होती.

आणखी दोन गोष्टी तिथे शिकलो. इंजिनाचा दांडा आखूड आणि लांब असा दोन मापांचा येतो, पंधरा इंची आणि वीस इंची. तो होडीच्या मागच्या फळीच्या उंचीला जुळला नाही, तर पंखा एक तर हवेत फिरतो किंवा चिखल उकरतो. दुसरी गोष्ट एकट्याची खास. इंजिन मागे, ते चालवणारा माणूसही मागे. मग होडीचे नाक आकाशाकडे. म्हणून हँडलला एक लांब नळी जोडून मी मध्यावर बसतो आणि नांगर व पेट्रोलचा डबा पुढे ठेवतो. इंजिनाबरोबर एक लाल दोरीही येते. ती मनगटाला बांधायची. माणूस पाण्यात पडला, की ती ओढली जाते आणि इंजिन बंद पडते. नाही तर मालक पाण्यात आणि होडी एकटीच फिरायला, असा प्रकार व्हायचा. पूर्ण मोकळे व्हायला निघालेल्या माणसाच्या हातातही एक दोरी लागतेच!

या यंत्राच्या जन्माची एक गोड कथा सांगतात. अमेरिकेतला ओले एव्हिनरूड नावाचा कारागीर एकदा आपल्या प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणायला होडी वल्हवत तळ्यापलीकडे गेला. परत येईतो आइस्क्रीमचे पाणी झाले. त्या चिडीतून त्याने होडीच्या पाठीवर लावायचे मोटर घडवले आणि १९०९ च्या सुमारास ते विकायला काढले. कथेत तिखटमीठ किती, ते सोडा. मला तिच्यात एवढेच दिसते, की काठावर कुणीतरी थांबले होते, म्हणून हे यंत्र जन्माला आले. ते वेगासाठी नाही, दिलेल्या वेळेसाठी आहे. शीड माझ्यासाठी आहे, इंजिन घरच्यांसाठी.

आता स्वयंपाकघराच्या दाराशी मी शाळेतली एक जुनी पाटी टांगली आहे. निघालो किती वाजता, कुठल्या बाजूला, परत किती वाजता आणि त्यानंतर किती वेळाने मामांना सांगायचे, असे चार रकाने. बहुतेक वेळा इंजिनाला हात लावावाच लागत नाही. परत आलो, की गोड्या पाण्याने त्याचे पोट धुऊन काढायचे आणि पाटी पुसायची.

खोटे कशाला सांगू, पौषातली ती रात्र पुन्हा आली नाही. पाण्यावर असताना आता मधूनच मनगटाकडे लक्ष जाते. काहीतरी गेले, हे खरे. पण ते तसे कधी माझे नव्हतेच. दुसऱ्यांच्या खात्यातून न विचारता काढलेली ती रक्कम होती, असे स्वतःला समजावतो. पुष्कळदा ते पटते.

हे सारे मी एवढ्या निश्चिंतीने लिहीत होतो, त्याला गेल्या आठवड्यात धक्का बसला. माझी मुलगी दहावीत आहे. उन्हाळाभर माझ्याबरोबर होडीत बसून ती सगळे शिकली. पाण्यात पडून होडी सुलटी करण्यात तर तिने मला मागे टाकले आहे. ती पंचांग घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, दिवाळीची अमावास्या. पंधरा पाऊणे सव्वा अकरा. मी दहाला निघते, भरतीबरोबर खाडीच्या आत जाते आणि ओहोटीला बाहेर येते. बाराला घरी. एकटीच."

मी पत्नीकडे पाहिले. ती करंज्यांच्या कडा मुरडत होती. मान वर न करता हसून म्हणाली, "जाऊ दे की. इंजिन आहे, पाटी आहे."

माझेच पुरावे माझ्यासमोर आले. मी हो म्हटले. पाटीवर तिने आजच सगळे सुंदर अक्षरात लिहून ठेवले आहे : परत बारा वाजता. म्हणजे मला बाराच्या आधी काळजी करण्याचे काही कारण नाही. बाराला पाच मिनिटे असताना सहज म्हणून मी वाळूवर जाऊन उभा राहीन.

निदान तसे ठरवले तरी आहे. खरे म्हणजे सव्वा दहालाच मी तिथे असेन, असे पत्नी म्हणते. या बाबतीत तिचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे.